मधला ठिपका

"चुकलंय ते चुकलंय, भावोजी," म्हणत मेव्हण्याने फुलपाखराच्या टाचणीवरची चिठ्ठी काढायला चिमटा उचलला.

मेव्हणा नोकरीला होता त्या संग्रहालयाच्या मागच्या खोलीत दोघेच होते. म्हाताऱ्याची बायको जाऊन चार महिने झाले होते. तिची फुलपाखरांची पेटी त्याने गेल्याच आठवड्यात इथे आणून दिली होती. चिठ्ठीवर तिचं अक्षर होतं.

"चिठ्ठीला हात लावू नकोस."

"हे स्किपर फुलपाखरांचे प्रकार सगळे तपकिरी, सख्खे भाऊ वाटावेत असे. एका जातीच्या पुढच्या पंखात मधोमध काचेसारखा ठिपका असतो, दुसरीच्या नसतो. ताईने बिनठिपक्याचा म्हणून लिहिलाय. हा काय, ढळढळीत ठिपका!"

"तीस वर्षं तिने हेच केलं."

"आणि तीस वर्षं तुम्ही किड्यांचं खूळ म्हणून हसलात. आता आलाय पुळका!"

वर्मी लागलं. म्हातारा उसळला, "तुला ही नावं शिकवली कुणी रे, साहेब? भिंग तरी लावलंस?"

"याला भिंग कशाला? घ्या, तुम्हीच लावा."

त्याने लावलं. उजवा पंख अर्धा तुटका, ताडून पाहायला काही उरलंच नव्हतं. डाव्या पंखातले बाकीचे ठिपके कापून काढल्यासारखे रेखीव. मधला तेवढा फाटक्या कडांचा, एका अंगाला ओढलेला.

त्याला आठवलं. ती गेली त्या आठवड्यात त्याने ही पेटी उघडली होती आणि अंगठा फिरवला होता, एकदाच. अंगठ्याला राखाडी भुकटी लागली, ती त्याने विजारीला पुसली. बायको नेहमी ओरडायची, "हात लावू नका हो, पंखावरचे खवले भुकटीसारखे निघतात, खाली काच उरते, मग पंख खोटं बोलतो."

गप्प राहिलं तर तिच्या नावावर चूक. बोललं तर याच्या हातात कोलीत.

"ठिपका नाही तो. माझा अंगठा आहे."

मेव्हण्याने भिंग हिसकावलं. बराच वेळ वाकून पाहिलं.

"ती गेल्यावरही तिचं काम नासवलंत."

"नासवलं."

मेव्हण्याने चिमटा ठेवला. दुसरी चिठ्ठी घेऊन लिहिलं : ओळख बरोबर. पंख हाताळताना घासला.

"कुणाच्या हाताने, ते लिही."

मेव्हण्याने वर पाहिलं, मग पेन दाबून लिहिलं : नवऱ्याच्या.

"झालं समाधान? निघा आता."

म्हाताऱ्याने दोन्ही चिठ्ठ्या एकदा वाचल्या आणि हात खिशात घालून तो निघाला.