कोणते देशमुख?

दमणीचं चाक नाल्याच्या रेतीत रुतलं, बैल थांबले, गाडीवान नत्थुजी खाली उतरला, तरी सिंधूचं भाषण काही थांबलं नाही. उलट चाकांची खडखड बंद झाली म्हणून तिचा आवाज आणखीच चढला.

"आणि म्हणून, अध्यक्ष महाशय आणि माझ्या भगिनींनो, अमेरिकेत ॲडम्स नावाचे दोन अध्यक्ष झाले, ते बापलेक. हॅरिसन नावाचे दोन झाले, ते आजा-नातू. आणि आता रूझवेल्ट नावाचे हे दुसरे—"

"पोरी, चाकाले हात लाव, नाही तर उतर तरी," नत्थुजी म्हणाला. "तुह्या रूझवेल्टाचं वजन बैलायले झेपून नाही राहिलं."

कौशल्याआत्या पदराआड हसली. सिंधूनं परकर आवरून रेतीत उडी मारली आणि चाकाच्या आऱ्याला हात घातला. तोंड मोकळंच होतं, ते चालू राहिलं. अमरावतीला मामाकडे राहून ती इंग्रजी सहावीत शिकत होती. महिन्यापूर्वी तिथल्या कन्याशाळेत, अख्ख्या शाळेसमोर, ती पहिल्यांदा बोलायला उभी राहिली होती.  शेवटी टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्या तिच्या कानातून अजून उतरल्या नव्हत्या. शाळेत, मामाच्या ओसरीवर, आगगाडीत चांदूरपर्यंत, तेच भाषण. घरी आल्यापासून तर गोठ्यातल्या वासरालाही दोन्ही रूझवेल्ट पाठ झाले असते.

पुढे घोडीवर असलेले तिचे वडील, खुशालराव देशमुख, मागे वळून आले.

"सिंधू, मले एक सांग. तो रूझवेल्ट तं मेला होता न? मानमोडीच्या तापानंतर. पेपरात आलं होतं. मेलेला माणूस निवडून कसा आला बाप्पा?"

"तो थिओडोर, आबा. हा फ्रँकलिन."

"भाऊबंद?"

"पाच पिढ्यांमागचे चुलत."

"म्हंजे भाऊबंदच. बोलणंचालणं नसन मंग."

"आणि गंमत ऐका," सिंधूनं चाक सोडून हात झटकले, "ह्या नव्या अध्यक्षाची बायको हाये न, ते माहेरचीबी रूझवेल्टच. जुन्या रूझवेल्टाची सख्खी पुतणी!"

नत्थुजीच्या हातातली पराणी थांबली. "एका आडनावात लगन? राम राम राम."

"त्यात काय झालं?" खुशालराव दमणीतल्या बहिणीकडे बोट करून म्हणाले. "आमच्या अक्काकडे पाय. माहेर देशमुख, सासर देशमुख."

"तेच तं मी वर्गात सांगतलं, आबा! म्हटलं, रूझवेल्ट हे आडनाव नव्हेच. ते वतन आहे. देशमुखीसारखं. देशमुखी दोन घराण्यांची असली तर सोयरीक होते, तशी त्यांची झाली."

"मंग?"

"आमच्या वर्गाच्या दुर्गाबाई इतक्या हसल्या की चष्मा पडला त्यांचा. म्हणाल्या, तिकडे वतनं नसतात." सिंधूच्या कपाळावर आठी आली. "पण मग ते सारे सारखेच कसे काय निवडून येतात, ते नाही सांगितलं त्यांनी."

चाक निघालं. खुशालराव हसत घोडी पुढे काढून गेले. सिंधू दमणीत चढून बसली, तसं आत्यानं तिच्या हातावर हात ठेवला. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. माणूस जवळ आहे का, हे ती हातानं बघायची.

"सिंधू, मंग त्या बाईनं मत कोणाले देलं?"

"कोणत्या बाईनं?"

"जिचं माहेरबी तेच अन् सासरबी तेच."

"जुन्या रूझवेल्टाची विधवा तं दुसऱ्या पक्षाच्या सभेत जाऊन आली म्हणे. मोठ्या सभेत."

"ते तिचं झालं. मी हिचं इचारून राहिली."

"हिनं नवऱ्यालेच देलं असन न, आत्या."

"तुले सांगतलं तिनं?"

 हे सिंधूनं भाषणासाठी जमवलेल्या कुठल्याच कात्रणात नव्हतं.

आज चांदूरला लोकल बोर्डाचं मतदान होतं. उभे दोघेच होते, आणि दोघेही देशमुख. एक सिंधूचे आबा. दुसरे उत्तमराव देशमुख, आत्याच्या मेलेल्या नवऱ्याचे थोरले भाऊ. सगळ्या सर्कलात लोक 'आपले देशमुख' आणि 'तिकडचे देशमुख' एवढंच म्हणत, आणि कोणाचं 'आपले' कोणतं हे विचारल्याशिवाय कळत नसे. मागच्या खेपेला खुशालराव चार मतांनी पडले होते. त्या चार मतांनी तीन वर्षं त्यांची झोप घेतली होती, जेवताना मध्येच घास थांबवून ते एखाद्याचं नाव घेत आणि म्हणत, "हा तिकडे गेला असन का वो?" यंदा यादीत आठ बायका होत्या, ज्यांच्या नावावर शेत होतं त्या. त्यात वयानं मोठी कौशल्याआत्या. खुशालरावांनी आठवडाभर हिशेब मांडला होता की अक्का माझी सख्खी बहीण, माझ्या घरात राहते. ती जिकडे बोट दाखवील तिकडे बाकीच्या सातजणी.

"आत्या, पण तुह्या नावावर शेत कसं?" सिंधूनं विचारलं. हा प्रश्न तिला आज पहिल्यांदाच पडला होता. "बायांच्या नावावर कोणी करतं का?"

आत्यानं आधी घोडीच्या टापांचा कानोसा घेतला. घोडी बरीच पुढे गेली होती.

"तुहे फुवाजी गेले तवा खुशाल म्हणे, अक्का, तुले काय कमी हाये माह्या घरी? शेताच्या भानगडीत काहून पडतं? अंगठा देऊन टाक न मोकळी हो. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मोठे म्हणाले, नाही. माह्या भावाचं शेत हे इचंच. तहसिलीत सोता गेले. तीन खेपा गेले."

"मोठे कोण? उत्तमराव?"

नाव ऐकताच आत्यानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, जणू ते समोरच येऊन उभे राहिले. "हळू बोल न वो," ती पुटपुटली.

सिंधूला त्यातलं निम्मं कळलं. उत्तमराव म्हणजे तिकडचे. तिकडच्यांनी असं का करावं? तिला वाटलं आणखी विचारावं; पण तेवढ्यात शाळेजवळची गर्दी दिसली आणि ती विसरली.

चांदूरच्या शाळेत, एका वर्गाच्या दाराला तरटाचा पडदा लावला होता. लिहिता येणाऱ्यानं कागदावर स्वतः फुली मारायची. न येणाऱ्यानं पडद्याआड जाऊन साहेबाच्या कानात नाव सांगायचं आणि फुली साहेबानं मारायची. दाराशी दोन्हीकडचा एकेक माणूस यादी घेऊन बसला होता. पायरीवर उत्तमराव उभे होते, पांढऱ्या मिशांचे, काठी टेकून. आत्याला पाहून ते पाठ वळवून बाजूला झाले. भावजयीला वाट द्यायची रीत होती ती. आत्याही भिंतीला लागून गेली.

"हिला दिसत नाही. मी आत येऊ?" सिंधूनं विचारलं.

नर्मदेकडच्या हिंदी मुलखातून बदलून आलेला, कानात अत्तराचा फाया घातलेला साहेब थकलेला दिसत होता. त्यानं हातानंच ये म्हटलं.

"नाम?"

 नवऱ्याचं नाव जोडल्याशिवाय यादीतलं नाव पुरं होत नव्हतं, आणि ते आत्या घेणार नव्हती. सिंधूच म्हणाली, "कौशल्या भ्रतार नारायणराव देशमुख."

साहेबानं यादीत खूण केली. "वोट कोणाला, बाई?"

"देशमुखले," आत्या म्हणाली.

"कोणते देशमुख? दोन्ही देशमुख आहेत."

सिंधू वाट पाहत राहिली. 'खुशाल' हे नाव आत्या दिवसातून शंभरदा घ्यायची. विहिरीवरून, गोठ्यातून, देवघरातून. आबा पन्नाशीला आले तरी ती त्यांना शेंबड्या पोराला हाक मारावी तशी मारायची. आता फक्त तेवढंच म्हणायचं होतं.  आत्याचा पदर मात्र हळूहळू पुढे सरकत नाकापर्यंत आला.

"आत्या, सांग न," सिंधू कुजबुजली. "आबाचं—"

"ए लडकी!" साहेबानं टाक उगारला. "असं पढवायचं नाही. बाई, नाम तो बताना पडेगा. मी दोन्ही नावं वाचली तर उद्या बाहेर म्हणतील, साहेबानंच वदवलं."

आत्याची बोटं सिंधूच्या मनगटावर होती.  मग आत्या भलतंच बोलली.

"सिंधू, ते म्हण हाये न. व्यापार मध्यम, नोकरी कनिष्ठ. अन् शेती कशी वो?"

"उत्तम!" सिंधू म्हणाली.

वर्गात म्हणायची तशीच, हात वर जायच्या आधी, खणखणीत. शब्द तोंडातून गेला आणि मग तिला तो ऐकू आला. आत्या ती म्हण नेहमी 'चोखी शेती' अशी म्हणायची, आणि आपण लहानपणापासून तिला हसत आलो, हेही त्याच क्षणी आठवलं. थोरल्या दिराचं नाव म्हणून तो शब्दसुद्धा आत्यानं कधी उच्चारला नव्हता.

साहेबाचा टाक दौतीवर थांबला. त्यानं आत्याकडे नाही, सिंधूकडे पाहिलं.

"बेटी, बाईंच्या मनातलं बोललीस, की नुसती म्हण पुरी केलीस?"

साहेबानं यादी पुन्हा जवळ ओढली.

"तुझं नाव काय?"

"सिंधू." मग शाळेत सवय होती म्हणून पुरंच सांगितलं. "सिंधू खुशालराव देशमुख."

साहेबानं टाक खाली ठेवला.

'नुसती म्हण', एवढंच म्हणायचं. ते खोटंही नव्हतं. म्हणच होती ती. मग साहेब पुन्हा विचारील, आत्या पुन्हा गप्प बसेल, आणि कागद कोरा राहील. कोरा तर कोरा. चार मतं. आबांचा थांबलेला घास तिच्या डोळ्यांपुढे आला. तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या तिच्याकडे बघत नव्हती. धुरकट डोळ्यांनी ती टेबलाकडे, जिथं कागद असेल असं वाटत होतं तिकडे बघत होती. मनगटावरची बोटं तिनं दाबली नाहीत, काढलीही नाहीत.

"बाईंच्या मनातलं," सिंधू म्हणाली.

"बाई?"

आत्यानं मान हलवली. साहेबानं फुली मारली. कागदावर टाक कुरकुरला तेवढा आवाज झाला.

बाहेर ऊन डोळ्यांवर आलं. खुशालराव फाटकापर्यंत धावत आले. आत्याला धक्के बसू नयेत म्हणून त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी काढून, चारदा घडी करून दमणीत अंथरली होती. त्यांनी बहिणीला दोन्ही हातांनी उचलल्यासारखं वर चढवलं, पाय दुमडून घेऊ दिले, पदर चाकात जाणार नाही असा आत सारला. मग सिंधूकडे वळले.

"झालं न व्यवस्थित? देशमुखलेच देलं न अक्कानं?"

"हो आबा," सिंधू म्हणाली. "देशमुखलेच."

खुशालरावांनी तिच्या पाठीवर अशी थाप दिली की ती अर्धं पाऊल पुढे गेली. "शाबास! मले म्हाईतच होतं." त्यांचा चेहरा दहा वर्षांनी लहान दिसायला लागला होता. कडुनिंबाखाली तीन गाड्या सोडून ठेवल्या होत्या. त्यांत बाकीच्या सातजणी पदर सावरून बसल्या होत्या, अजून उतरल्या नव्हत्या, इकडेच बघत होत्या. "आता एक काम कर. जाय अन् त्यायले सांग, आमच्या आत्यानं भावाले मत देलं. तुह्या त्या भाषणावानी सांग, मोठ्यानं. तुह्यासारखं बोलणं या तालुक्यात कोणाले येते? जाय, जाय लवकर."

सिंधू जागची हलली नाही. दमणीत आत्यानं घोंगडीची घडी हातानं चाचपली आणि तोंड दुसरीकडे केलं.

"काहून? काय झालं?"

"आबा," सिंधू म्हणाली, "माहा गळा बसला."

आवाज अगदी स्वच्छ होता. कडुनिंबाखालच्या एका बाईनं तो ऐकून मान वर केली.

खुशालराव तिच्याकडे बघत राहिले. मग बहिणीच्या पाठीकडे बघितलं. काही विचारावं असे त्यांचे ओठ हलले. शाळेच्या पायरीवर कोणी त्यांना हाक मारली, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. दमणीच्या दांडीला टांगलेला पाण्याचा गडवा त्यांनी सोडला आणि सिंधूपुढे धरला.

"घे," ते म्हणाले. "पाणी पे."

सिंधूनं गडवा दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि हळूहळू, अगदी घोट घोट करून ती प्यायली. पाणी संपलं, तरी तिनं तो खाली घेतला नाही.