झेलणारे हात

मित्रांनो, मी एक जुने फावडे आहे. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर मला पीट कापण्यासाठी घडवले. पीट म्हणजे दलदलीतली काळी, चिकट माती. वाळली की ती चुलीत जळते. लोहाराने माझे पाते वळवले, टॉर्किलच्या वडिलांनी दांडा बसवला.

माझे काम मात्र एकट्याने होत नाही. एकाने काठावरून कापायचे, दुसऱ्याने खाली चरात उभे राहून ओली वडी झेलायची आणि वाळायला वर फेकायची. टॉर्किल कापत असे, त्याची बहीण डोलिना झेलत असे. "यांच्यासारख्या सरळ वड्या गावात नाहीत," असे लोक म्हणत, तेव्हा मी मनातून फुलून जाई.

मग स्कॉटलंडने लंडनच्या सत्तेपासून वेगळे व्हावे का, यावर सार्वमत झाले. भावाने 'हो' म्हटले, बहिणीने 'नाही'. 'नाही' जिंकले. पुढच्या वसंतात डोलिना आलीच नाही. टॉर्किलने एकट्याने कापून पाहिले. वड्या चरात पडून फुटल्या. मी कोपऱ्यात गंजत राहिले नाही, असे कसे म्हणू? पार तांबूस झाले होते मी.

पुढे एका वर्षी डोलिना दारात उभी राहिली. "तुझ्या धुराड्यातून धूर दिसेना, म्हणून आले," एवढेच म्हणाली.

यंदा कापता कापता टॉर्किल बोलून गेला, "पुन्हा सार्वमत घ्यायचं तर आपल्या स्कॉटलंडच्या, एडिनबरातल्या संसदेनं घ्यावं. लंडनची परवानगी कशाला?"



"आपल्या चराचं पाणी शेजाऱ्याच्या रानात उतरतं," डोलिना खालून म्हणाली. "त्याला न विचारता चर खोल करशील?"

"आणि तो जन्मभर नाहीच म्हणाला तर?"

तिने हातातली वडी वर फेकली. "आणि तुझी संसद दर निवडणुकीला विचारत बसली तर? मी कितीदा तुझी वैरीण होऊ?"

हात पुसून ती वर चढू लागली. मी अर्धे मातीत रुतलेले. मला दोघांचेही पटत होते. साधे लोखंड मी, माझे चुकतही असेल.

"डोले, एवढी वडी तरी झेल. मग जा."

"वैरिणीच्या हातात देतोस?"

"तुझ्याइतकं वाईट कोणी झेलत नाही. पण सवय झालीय."

ती पुन्हा खाली उतरली. "काप. मत बदलणार नाही हं मी."

"मागितलंय कुणी?"

वडी तिच्या हातांत पडली.

उद्या ती येईल का, मला ठाऊक नाही. मित्रांनो, विचारण्याचा हक्क कोणाचा, ते तुम्ही शहाणी माणसे ठरवा. मला धार लावायला विसरलात तरी चालेल. पण भांडलात म्हणून चरातली ती जागा रिकामी ठेवू नका.