ठोकळा घातलेली गिटार

सगळी बाजारपेठ त्यांना कानसेन म्हणायची, आणि वरवर नाराजी दाखवली तरी त्यांना ते आवडायचं. चाळीस वर्षं त्यांनी एकच वस्तू बनवली: आतून सबंध पोकळ अशी इलेक्ट्रिक गिटार. मागे पातळ पाठ, पुढे पातळ पोट आणि मधे नुसती हवा. पाठ चिकटवण्याआधी ते उघड्या खोक्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, डोळे मिटून ऐकायचे, आणि मनासारखं वाजलं तरच आतल्या लाकडावर पेन्सिलीनं आपलं नाव घालायचे. दुकानाचा नियमच होता तो. कानसेनांनी ऐकल्याशिवाय नाव नाही.

बारा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर त्यांची मुलगी काम करत होती. हात बापाचा, डोकं मात्र स्वतःचं. भांडण लागलं ते त्यामुळेच.

निमित्त झालं एका जुन्या गिऱ्हाइकाचं. हा वादक आता मोठमोठ्या सभागृहांत वाजवायला लागला होता. मागे ड्रम, बाजूला माणसाच्या उंचीचे स्पीकर. आवाज जरा वाढवला की कानसेनांची गिटार तोच आवाज पोटात घ्यायची, थरथरायची आणि हूऽऽ करून ओरडायची. बिचाऱ्यानं गिटारीच्या पोटाला आवाजासाठी कापलेल्या खिडक्यांत मोजे कोंबून पाहिले.

"मोजे!" कानसेन कळवळले. "माझ्या गिटारीत मोजे!"

"बाबा, तिच्या पोटात मधोमध, गळ्यापासून बुडापर्यंत, लाकडाचा ठोकळा घालू," मुलगी म्हणाली. "दोन्ही अंगांना हवा राहील, मधे गिटार घट्ट होईल. मग नाही ओरडणार."

"त्यापेक्षा फळीच दे की त्याला! पोटात ओंडका घालून कुणी गातं का? असली खुळं करायची असतील तर वेगळं दुकान थाट."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण मुलगीही त्यांचीच. चार महिने तिनं घरी, स्वतःच्या खोलीत दार लावून गिटार बनवली, आणि पलीकडच्या रस्त्यावर एक गाळाही घेऊन ठेवला. त्याची किल्ली तिनं बापासमोर खुंटीला टांगली, तेव्हा कानसेन भरल्या ताटावरून उठले. शब्द मागे घ्यायची सवय मात्र त्यांना नव्हती.

त्या वादकाचा मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता. त्या दिवशी सकाळी त्यानं दोघांनाही आपापली गिटार घेऊन रिकाम्या सभागृहात बोलावलं. जी ओरडणार नाही ती संध्याकाळी वाजेल, असं ठरलं. कानसेनांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. "मला गिटारीचं तोंड बघायचं नाही. आवाज ऐकायचाय."

हलक्या आवाजात त्यांची गिटार आधी वाजली. उबदार, भरदार, सभागृहभर पसरणारी. कानसेनांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग मुलीची वाजली. 'मेलेली' हा शब्द त्यांनी जिभेवर तयारच ठेवला होता, पण तो वापरता येईना. गिटार जिवंत होती. ऊब थोडी कमी, पण एकेक सूर सुटा, निवडलेल्या तांदळासारखा स्वच्छ.

"बरी आहे," ते भिंतीला म्हणाले.

मग ड्रमवाला बसला आणि आवाज चढला. कानसेनांची गिटार दुसऱ्या मिनिटाला ओरडली. "कुणाचं कुत्रं आत आलं?" ड्रमवाल्यानं विचारलं, आणि वादकानं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. मुलीची गिटार तेवढ्याच आवाजात सूर धरून राहिली, आणि तारांवर हात ठेवताच गप्प झाली.

कानसेन उठले. त्यांनी ती गिटार मांडीवर घेतली आणि डोळे मिटून पोटावर टकटक सुरू केली. मधोमध ठोकळ्यावर ठक्क, बद्द वाजणार याची त्यांना खात्री होती. पण बोट सरकत गेलं आणि लाकूड बोलत राहिलं. तारा टेकतात त्या घोडीखाली तेवढं ते घट्ट लागलं.

"ठोकळा कुठाय?"

"आहे की. पण घोडीखालीच टेकलाय. बाकी सगळीकडे पोटाची फळी आणि ठोकळा यांच्यात कागद जाईल एवढी फट ठेवलीय."

"किती तासायचा, कुठे थांबायचं, कसं कळलं?"

"टकटक करून," मुलगी म्हणाली. "दुसरं काय येतं मला?"

वादकाकडून टॉर्च घेऊन कानसेनांनी खिडकीतून आत पाहिलं. लाकूड कोरं होतं.

"नाव नाही घातलंस?"

"तुम्ही ऐकलं नव्हतं ना अजून."

वेगळं दुकान थाटायला निघालेली पोरगी, आणि नियम मात्र बापाच्या दुकानाचा पाळून बसली होती. त्यांना तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. जुनी जाड तार वाकवून त्यांनी तिला पेन्सिलीचा तुकडा बांधला, खिडकीतून आत जाईल असा.

"लिही."

पिशवीतून छोटा आरसा काढून त्यात बघत, जीभ दातांत धरून तिनं लिहिलं. त्यांनी टॉर्च मारली. आत वेड्यावाकड्या अक्षरांत त्यांचंच नाव होतं.

"चुकलीस."

"दुकानाचं तेच नाव आहे, बाबा."

"मग त्याच्या खाली तुझं लिही. दुकानाची पाटी नव्यानं रंगवू तेव्हा तुझं वर घालू. आणि ती गाळ्याची किल्ली उद्या परत देऊन ये."

संध्याकाळी सभागृह भरलं. कानसेन मधल्या रांगेत ताठ बसले होते. पहिलंच वादन रंगात आलं असताना त्यांनी शेजारच्या अनोळखी बाईंना कोपरानं हळूच ढोसलं.

"गिटार ऐकताय ना? पोटात ठोकळा आहे तिच्या."

"शूऽऽ," बाई म्हणाल्या.

"माझ्या मुलीनं घातलाय," कानसेन म्हणाले, आणि मग मागच्या रांगेकडे वळले.