हात जोडून केलेली चहाडी

जगाच्या शांतीसाठी आज सुलक्षणा रणपिसेनं प्रार्थना करायची, असं पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हा बाईंना कोण आनंद झाला होता. साउथहॅम्प्टनमधल्या मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना महिन्यातून एकदाच, तीही इंग्रजांचं चर्च दुपारपुरतं मागून घेऊन. त्यात माइक हातात यायचा म्हणजे काय चेष्टा आहे? पण माइक आला आणि शेवटच्या बाकावर मीनल दिसली. झालं!

मीनल कित्येक महिन्यांनी आली होती. ती का येत नव्हती, हे सुलक्षणाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. हिवाळ्यात तिचा नवरा अपूर्व घर सोडून गेला, तेव्हा ती सुलक्षणाच्या किचनमध्ये बसून ढसाढसा रडली होती आणि हे कुणाला सांगू नका म्हणाली होती. सुलक्षणाताईंनी नाही सांगितलं. संध्याकाळपर्यंत नाही सांगितलं. मग मंडळीच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर लिहिलं, की आपल्या एका बहिणीचा नवरा घर सोडून गेलाय, तिची प्रार्थनेत आठवण ठेवा. नाव नव्हतं हो लिहिलं. पण एवढ्याशा मंडळीत अशा बहिणी असून असून किती असणार? दुसऱ्या दिवशी मंडळीतल्या शशीकाकू पुलावाचा डबा घेऊन मीनलच्या दारात हजर, चौकशीला. आमच्याकडे हे असंच आहे. चहाडी केली तर पाप, आणि तीच हात जोडून केली तर सेवा.

सुलक्षणानं डोळे मिटले. जिथे जिथे लढाया चालल्यात तिथली शस्त्रं खाली ठेवली जावोत, असं ती म्हणाली, आणि तिची जीभच अडखळली. स्वतः एकीचं घर पेटवायचं आणि देवाला म्हणायचं, जगातली आग विझव! कुठल्या तोंडानं? तिला वाटलं, बोलून टाकावं इथेच, सगळ्यांसमोर, म्हणजे सुटले.

"प्रभू, मीच पापी आहे," ती म्हणाली. "मी आपल्या एका बहिणीचं..."

माना मागे वळायला लागल्या. मीनलनं पर्स छातीशी धरली आणि ती उठायच्या बेतात होती. तेव्हा कुठे सुलक्षणाच्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, पुन्हा तेच! पश्चात्ताप हिचा, आणि चव्हाट्यावर यायची ती मीनलच. तिनं घाईघाईनं आमेन म्हटलं. निम्मे देश प्रार्थनेवाचून राहिले.

प्रभुभोजनाची भाकर वाटण्याआधी सगळे एकमेकांना 'शांती असो' म्हणत हात देतात. दिसेल तो हात चुकवत सुलक्षणा थेट शेवटच्या बाकापाशी गेली.

"मीनल, ती प्रार्थना नव्हती," ती हळूच म्हणाली. "चहाडी होती. मला क्षमा कर."

मीनलनं हात दिला नाही. सुलक्षणा तशीच शेजारी बसली. भाकर घ्यायला लोक पुढे जाऊ लागले.

"मी ग्लासगोला चाललेय, ताई. कायमची," मीनल म्हणाली. "अपूर्वलाही माहीत नाही अजून. फक्त तुम्हाला सांगितलंय."

एवढं बोलून ती उठली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. ही क्षमा म्हणायची की परीक्षा? सुलक्षणाला रडूही येत होतं, आणि खरं सांगायचं तर जिभेला खाजही सुटली होती. माणूस काय लगेच बदलतो होय?

उपासना संपल्यावर हॉलमध्ये चहा होता. शशीकाकू तिला कोपऱ्यात घेऊन गेल्या. काय म्हणाली गं मीनल, सांग की, आपण सगळ्या मिळून प्रार्थना करू तिच्यासाठी, असं म्हणून त्यांनी तिचा हात प्रेमानं दाबला.

ग्लासगो अगदी ओठांवर आलं होतं. सुलक्षणानं कडकडीत चहाचा मोठा घोट घेतला. तोंड पोळलं, डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं तो गिळला.

"करा ना, काकू," ती म्हणाली. "देवाला सगळं ठाऊक असतं. तुम्हाला कळायची गरज नाही."