मास्तर बोलायला लागले

मास्तरांची बायको गेली त्या दिवशी दुकानातला फोन तीनदा वाजला. पहिल्यांदा अकराला, मग पाच-दहा मिनिटांनी, मग साडेअकराच्या सुमारास. मास्तर कोटाला बाही बसवत होते. बाही बसवताना नजर हलली तर खांद्यावर चुणी पडते, आणि ती चुणी इस्त्रीच्या बापानेही जात नाही. पण खरं कारण ते नव्हतं. फोन उचलायचं काम बायकोचं होतं. पुढे काउंटरवर ती, मागे मशीनवर मास्तर, अशी सव्वीस वर्षांची वाटणी होती. मापं लिहिणं, गिऱ्हाइकांची विचारपूस, 'उद्या नक्की' म्हणणं, हे सगळं तिच्याकडे. मास्तरांकडे कापड. सकाळी ती छाती तपासून घ्यायला चालत दवाखान्यात गेली होती, तासाभरात येते म्हणाली होती. कुणाची तरी पँट अडली असेल, ती आली की बोलेल, असा विचार करून मास्तरांनी टीप पुढे नेली.

बाराला मेव्हणी दारात येऊन उभी राहिली. तिला धड श्वास घेता येत नव्हता.

"भावोजी, ताई गेली."

मास्तरांनी मशीनवरून पाय काढला.

"दवाखान्यातून इथे किती फोन केले. कुणी उचलेना म्हणून मला केला. फोन बंद आहे का तुमचा?"

"हो," मास्तर म्हणाले.

जन्मभर ते शक्य तितकं कमी बोलत आले होते, आणि त्या क्षणी हाताशी असलेला सगळ्यांत आखूड शब्द तोच होता.

मुलगी संध्याकाळी आली. ती दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवायची. दवाखान्यातल्या नर्सने तिला सांगितलं की पहिले दोन फोन आईने स्वतः लावले होते. कळ येऊन गेल्यावर ती खाटेवर बसली होती, घरी एकदा बोलते म्हणाली होती. तिसरा फोन नर्सचा. आईला काय बोलायचं होतं ते आता कळायला मार्ग नव्हता. मुलगी आठ दिवस राहिली, परत गेली, आणि तिथून तिने टेलिफोन कार्यालयाला फोन बंद असल्याची तक्रार लिहिली. गणिताची बाई, त्यामुळे तक्रारीत वेळा होत्या, मुद्द्यांना क्रमांक होते आणि शेवटी उत्तर मागितलं होतं. एक प्रत वडिलांना पाठवली. मास्तरांनी ती दोनदा वाचली आणि कात्रीखाली ठेवली.

तिला खरं सांगायचं हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. अडचण एवढीच होती की त्यांना बोलता येत नव्हतं. मुलगी इथे होती तेव्हा त्यांनी दोनदा तोंड उघडलं होतं. एकदा तिने पाणी आणून दिलं, एकदा खिडकी उघडली. मास्तरांनी कामाच्या पद्धतीने विचार केला. शिकाऊ माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी कुणी कोट देत नाही. आधी काजं करायची, मग बटणं लावायची, कोट शेवटी. बायकोही सव्वीस वर्षं हेच सांगत आली होती, "अहो, माणसासारखं चार शब्द बोलायला शिका." तिने मुदत दिली नव्हती.

ती मापाच्या वहीत मापाशेजारी बारीक अक्षरात गिऱ्हाइकाची माहिती लिहून ठेवायची. 'पोट आत ओढून उभा राहतो, दोन बोटं जास्त धरावं.' 'भावाशी बोलणं नाही, भावाचा विषय काढू नये.' मास्तरांनी वही पाठ केली आणि काउंटरवर उभे राहिले.

पहिला आला तो औषधांच्या दुकानाचा मालक. वहीत त्याच्या कमरेशेजारी लिहिलं होतं, 'सासूचा गुडघा विचारणे.'

"सासूबाईंचा गुडघा कसा आहे?" मास्तरांनी विचारलं.

तो बघतच राहिला. "मास्तर, त्यांना जाऊन चार वर्षं झाली."

मास्तरांनी वहीत पाहिलं. पुढे काही लिहिलेलं नव्हतं. "मग आता दुखत नसेल," ते म्हणाले.

औषधवाला इतका हसला की त्याला काउंटरला टेकावं लागलं. दोन दिवसांत गल्लीभर झालं की मास्तर भारी खोचक बोलतात, इतकी वर्षं बाईंनी त्यांना मागे दडवून ठेवलं होतं. लोक काम नसताना यायला लागले.

फोनचं शिक्षण मेव्हणीने अंगावर घेतलं. रोज पाचला ती तिच्या घरून फोन करायची.

"हॅलो म्हणा."

"हॅलो."

"पुढे?"

"पुढे काय?"

"कोण बोलतंय ते विचारा."

"तूच बोलतेयस."

"भावोजी, ताईने तुमच्याबरोबर दिवस कसे काढले हो?"

"मी शिवत होतो," मास्तर म्हणाले.

महिन्याभरात मात्र ते स्वतःहून हवापाणी विचारायला लागले. मुलीलाही दर रविवारी फोन करू लागले. काय जेवलीस, वर्गात किती मुलं, खोलीत ऊन येतं का. मुलगी खूश होती. प्रत्येक वेळी फोन ठेवल्यावर मास्तर थोडा वेळ तिथेच उभे राहत, आणि मग काजं करायला बसत.

अशात एक दिवस टेलिफोनवाला आला. खांद्यावर शिडी, पँट घोट्याच्या चार बोटं वर. त्याने तारा पाहिल्या, डबी उघडून पाहिली, फोन कानाला लावला.

"ठणठणीत आहे."

"हो," मास्तर म्हणाले.

"त्या दिवशी बंद होता म्हणे."

मास्तर यावर काही बोलले नाहीत. इतकं शिकूनही.

"त्याच आठवड्यात या गल्लीत मी खांबावर चढलो होतो," टेलिफोनवाला म्हणाला. "साहेब म्हणतात, तुझ्याच हातून तार निसटली असणार. निसटली नव्हती हो. पण एका बाईला मरताना घरी बोलता आलं नाही असं लिहून आलंय, तिथे मी काय वाद घालू? बढती थांबलीय माझी. ते जाऊ द्या. तुमचं दुःख मोठं."

मास्तरांनी त्याला पँट काढायला लावली आणि पडद्यामागे उभं करून तिची तळपट्टी उसवून खाली सोडली. दोन बोटं कापड निघालं. तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भर आठवड्यात दुकान बंद ठेवलं आणि टेलिफोन कार्यालय गाठलं. साहेबांसमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. फोन चालू होता, तीनदा वाजला, मी चार पावलांवर होतो, उचलला नाही. आयुष्यातलं हे त्यांचं सगळ्यांत लांब बोलणं होतं, आणि कुठे अडखळले नाहीत. शिपाई चहाचा कप धरून तसाच उभा राहिला.

साहेबांनी चष्मा पुसला. "म्हणजे तक्रार कुणावर?"

"माझ्यावर."

"तसा अर्ज आमच्याकडे नाही," साहेब म्हणाले. "आणि तुम्ही तक्रारदारही नाही. मुलीची सही आणा. हा तक्रार मागे घ्यायचा कागद. कारण लिहायला खाली जागा आहे."

कारणाला दीड ओळ जागा होती. मास्तरांना वाटलं, दीड ओळीत मावेल.

मुलगी शनिवारी आली. मास्तरांनी स्वतः केलेला चहा तिला दिला आणि कागद समोर ठेवला.

"बाबा, हे काय?"

आणि मास्तर बोलायला लागले. टेलिफोनवाल्याबद्दल बोलले. त्याची आखूड पँट, शिडी, अडकलेली बढती. जुन्या तारा कशा असतात, यंत्राचा भरवसा कसा नसतो, गरिबाच्या पोटावर पाय देऊन आई परत येणार आहे का. औषधवाल्याच्या सासूचं सांगितलं, तेव्हा मुलगी हसली. मग तिचे डोळे भरले. अर्धा तास ते बोलत होते. पूर्वी त्यांना गप्प बसून एखादी गोष्ट टाळता यायची. आता बोलूनही टाळता यायला लागली होती, आणि हे त्यांना बोलता बोलताच कळलं, पण थांबता आलं नाही.

"किती बदललास तू, बाबा," मुलगी म्हणाली. "आईला केवढा आनंद झाला असता." तिने सही केली. कारणाच्या जागी लिहिलं, 'वडिलांच्या विनंतीवरून.' एका ओळीत मावलं.

सोमवारी मास्तरांनी कागद नेऊन दिला. टेलिफोनवाल्याची बढती सुटली, तो नव्या पँटचं कापड घेऊन आला. दुकान आता बरं चालतं. गिऱ्हाइकं म्हणतात, बोलावं तर मास्तरांनी. मुलगी रविवारच्या फोनची वाट पाहते, आणि मास्तर तो चुकवत नाहीत.

तिची आई फोन करत होती तेव्हा फोन चालू होता, आणि त्यांनी तो ऐकला होता, हे मुलीला सांगायचं अजून राहिलं आहे.