चार फळांचा गरुड

टिली दूध पीत असली की माझा एक हात तिच्या मानेखाली अडकतो आणि दुसरा मोकळा राहतो. त्या मोकळ्या हातात मी भिंग धरते. बाजूच्या तिवईवर मऊ कापड, कापडावर १७९८ सालचा चांदीचा डॉलर, आणि खिडकीतून येणारं सकाळचं ऊन. पोरीच्या घशातला गुटुक-गुटुक आवाज ऐकत मी नाण्यावरच्या ताऱ्यांची टोकं बघते. माझा नवरा वेस म्हणतो, तुम्हा दोघींचंही पोट एकदमच भरतं.

हा डॉलर मला आमच्या कुट्झटाउनच्या नाणेमंडळाच्या विक्रीत मिळाला, खराब झालेल्या नाण्यांच्या डब्यात. कधीकाळी कुणीतरी भोक पाडून तो गळ्यात घातला असणार. पुढे आणखी कुणीतरी ते भोक चांदीने बुजवलं. नाण्याच्या मुखड्यावर स्वातंत्र्यदेवीचं डोकं असतं, आम्ही तिला नुसतं बाई म्हणतो. तो डाग नेमका बाईच्या टाळूवर आला, आणि दिसतोही वाईट. म्हणून मी नाणं नेहमी गरुडाची बाजू वर करून ठेवत असे. तिकडे डाग शेपटीच्या पिसांत दडून जातो.

त्यामुळेच मला ती फळं दिसली. गरुडाच्या पंज्यातल्या फांदीला पाच फळं हवी होती. होती चार.

त्या काळात नाणी पाडायचे ठसे, बाईचा एक आणि गरुडाचा एक, हाताने कोरत. त्यामुळे एकातला तारा दुसऱ्यातल्याच्या जागी कधीच बसलेला नसतो. एक ठसा फुटला की त्याचा जोडीदार दुसऱ्याबरोबर लावून द्यायचे. आमच्यात या जोडीला लग्नच म्हणतात, आणि कुठल्या बाईचा संसार कुठल्या गरुडाशी झाला हे ओळखण्यात आम्हा वेड्यांची आयुष्यं जातात. या बाईचा गरुड पाच फळांचा, हे सगळ्यांना पाठ. चार फळांच्या गरुडाशीही तिचं थोडे दिवस जमलं होतं, पण तशी जगात सहाच नाणी माहीत आहेत. त्या सहांना मालकांची नावं आहेत. नाणं पुढे कुणाकडेही जावो, नाव त्याच्याबरोबर जातं. त्यांतलं एक 'डीट्झ नाणं'.

हार्लन डीट्झ आमच्या मंडळाचे सर्वांत जुने सभासद. त्यांनी तो डबा माझ्या आधी चाळला होता. बाईच्या तोंडावर नजर टाकली आणि पुढे गेले.

मंडळाची सभा अग्निशमन केंद्राच्या वरच्या दालनात भरते. पुढच्या सभेच्या संध्याकाळी चिकन पॉट पायचं जेवण झाल्यावर, टिलीला कुशीत घेऊन, मी नाणं हार्लन यांच्या पुढ्यातल्या मखमलीवर ठेवलं. आमच्यात नाणं कुणी कुणाच्या हातात देत नाही. खाली ठेवायचं, दुसऱ्याने उचलायचं. म्हणजे पडलं तर कुणाच्या हातून, हा वादच नको. त्यांनी उचललं, मुखडा बघितला आणि परत ठेवलं.

"बाई बघितली की नवरा कोण ते मी सांगतो," ते म्हणाले. "पाच फळं."

मी म्हटलं, उलटून तर बघा. त्यांनी उलटलं आणि म्हणाले, पाचवं झिजलंय, इतकंच. मग शेजाऱ्यांकडे बघून हसले. "झोप झाली नाही की फळंसुद्धा कमी भरतात, पोरी."

सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते. टिली झाल्यापासून मंडळातले लोक मला तिचं वजन विचारत, नाण्यांचं कुणी विचारत नसे. आज मागे हटले असते तर मी कायमची टिलीची आई होऊन बसले असते.

मी सांगितलं की पंखाच्या वर एक रेघ आहे. कडेपासून निघून अक्षराच्या मधून पंखाच्या टोकाला जाते. चार फळांचा ठसा तडकलेला होता, त्याच्या सहाही नाण्यांवर ही रेघ आहे, तुमच्याही. हार्लन म्हणाले, भोक पाडणाऱ्याने ओरखडाही काढला असेल. मग मी खजिनदार आर्डिथ मोयर यांना विनंती केली की वरचे दिवे घालवा, एकच टेबलदिवा ठेवा.

ओरखडा खोल असतो, पण ठशाच्या तड्यात चांदी शिरते, म्हणून तड्याची रेघ नाण्यावर उठलेली असते. उठलेल्या रेघेची दिव्याकडची बाजू चमकते, सावली पलीकडे पडते. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. दिवा मात्र अजून कुणीच धरला नव्हता.

"बघा ना हार्लन," आर्डिथबाई अंधारातून म्हणाल्या. "की तुमच्या नाण्याचा तोरा उतरेल म्हणून भीती वाटतेय?"

हार्लन यांनी दिवा आडवा केला. नाणं तिरकं धरलं. चष्मा कपाळावर सरकवून भिंग डोळ्याला लावलं आणि हळूहळू नाणं फिरवत राहिले. खुर्ची करकरली की लोक तिकडे रागाने बघत. फांदी पाहिली, पंख पाहिला, परत फांदी. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"पाचवं फळ झिजलेलं नाही," ते म्हणाले. "ते कोरलंच नव्हतं. सातवं आहे हे. आणि मी डब्यात याच्यावरून हात फिरवला होता."

दिवे लागले. मागून कुणीतरी म्हणालं, वायडनर नाणं. रीत तीच आहे, फक्त आडनाव. पण वायडनर हे वेसचं आडनाव, आणि त्याच्या घरात तीन पिढ्यांत कुणी नाण्याला हात लावलेला नाही. हार्लन माझ्याकडे बघत होते.

"बोला, बाई. काय नाव?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच बाई म्हटलं होतं.

"लेनोरा वायडनर," मी म्हटलं. "पूर्ण."

आडनावाआधी नाव कधी लावलेलं नाही, असं कोपऱ्यातून कुरकुरणं आलं. हार्लन यांनी हात वर केला आणि उभे राहिले. गुडघे धरून, टेबलाचा आधार घेऊन, पण अख्खे उभे.

"माझं नाणं वारशात आलं," ते म्हणाले. "हिने डोळ्यांनी मिळवलंय. लेनोरा वायडनर नाणं. सगळ्यांनी म्हणा."

सगळे म्हणाले. चमचे टेबलावर आपटत म्हणाले. टिली दचकून जागी झाली आणि तिने असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरची माणसं काय झालं म्हणून जिन्यात आली. हार्लन यांनी आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसले, पोरीला अंगाशी घेतलं, वरून शाल ओढली. मंडळी नाण्यासमोर रांगेत उभी राहिली. एकेक जण वाकून आधी गरुड बघत होता आणि सरळ होताना माझं नाव हळूच पुटपुटत होता.