डाव्या गुडघ्याची पोल

मी काठी बोलतेय. साधीसुधी नाही हं, घडीची. अ‍ॅल्युमिनियमची, तीन तुकड्यांची, मुठीला काळा फोम आणि मनगटात अडकवायला पट्टा. एवढा नट्टापट्टा करून आले कुठं, तर सोनाळ्याला. आणि राहिले कुठं, तर लोखंडी कपाटामागं, गुंडाळलेल्या सतरंजीच्या पोटात.

मला एक जुळी बहीण आहे. आम्ही जोडीनंच विकल्या जातो. पण "एक लपवता लपवता नाकी नऊ, दोन कुठं लपवू?" असं म्हणत बाईंनी तिला खोक्यासकट पलंगाच्या खणात टाकलं. म्हणजे बाहेरची हवा खाणारी मीच. त्याचा मला थोडा तोरा होता, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त धडधड होती. छाती कुठाय म्हणा मला, नुसती पोकळ नळी. तरी धडधडायचंच.

बाई म्हणजे पुष्पांजलीबाई. वय अठ्ठेचाळीस, गावच्या हायस्कूलात भूगोल शिकवतात. बावीस वर्षं झाली, दरवर्षी फळ्यावर फियॉर्ड काढतात. दोन बाजूंना उभे कडे, मधे घुसलेली समुद्राची जीभ आणि पार वर, टाचा उंचावून, हिमनदी. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, तुम्ही पाह्यला काय?"

"पुस्तकात आहे ना बे," बाई म्हणतात आणि हातावरचा खडू झटकतात.

तर दिवाळीत मुलीचा फोन आला. मुलगी निशिगंधा, नॉर्वेत बर्गनला नोकरी करते. म्हणाली, "आई, सुट्ट्यांत तू आन् बाबा या. मे संपता संपता. पाच दिवस पायी फिरू. एक दिवस फियॉर्डच्या काठानं, मग सफरचंदाच्या बागांतून, फुलं असतात तेव्हा. आणि तिसऱ्या दिवशी वर, हिमनदीपर्यंत. माझ्या ऑफिसच्या दोघी पण येताहेत. त्यांना सांगून ठेवलंय मी, माझी आई हरणासारखी चालते."

तिचे बाबा, म्हणजे पंजाबराव, संत्र्याचे बागाईतदार. त्यांनी विचारलं, "वर म्हणजे किती वर?"

"आठशे मीटर चढ, बाबा."

पंजाबरावांनी खिडकीतून गावातल्या पाण्याच्या टाकीकडं पाहिलं, बोटं मोजली आणि म्हणाले, "म्हंजे अशा चाळीस टाक्या एकावर एक. चढू ना! काऊन नाही?"

बाई हसल्या. त्या हसण्यात मीठ कमी होतं. कारण हरणाचा डावा गुडघा गणपतीपासूनच गेला होता. हे नवऱ्याला ठाऊक नव्हतं, मुलीला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं फक्त अकोटच्या हाडांच्या डॉक्टरांना. ते म्हणाले होते, "चढताना एक वेळ चालेल. उतरताना सांभाळा. काठी घ्या."

म्हणून मी आले. फोनवर 'काठी' शोधून मागवलेली. माझ्या खोक्यावर पांढऱ्या केसांचे एक आजोबा दात काढून हसताहेत. ते पाहून बाईंचं तोंड एवढंसं झालं. सोनाळ्यात काठी तिघांच्याच हातात असते. म्हाताऱ्याच्या, गुराख्याच्या, नाहीतर कुत्रं हाकलणाऱ्याच्या. बाई तिघांपैकी कोणीच नव्हत्या. आणि त्यांना भीती एकच. निशूला गुडघा कळला की ती चालायचं रद्द करील आणि आईला बसमध्ये बसवून काचेतून फियॉर्ड दाखवील. काचेतून तर काय, पुस्तकातही दिसतोच.

दर रविवारी फोन यायचा. "आई, चालतेस ना रोज?"

"हो तं. दहा किलोमीटर."

मी सतरंजीत अंग चोरून घ्यायचे. दहा किलोमीटर! बागेतल्या चार ओळी व्हायच्या आमच्या, मधे दोनदा बसून.

मग निशूनं सामानाची यादी पाठवली. पंजाबराव चष्मा लावून मोठ्यानं वाचू लागले. "रेनकोट. लोकरीचे मोजे. टोपी. पोल, दोन. पोल? कायचे पोल? तिकडे लाईनच्या तारा ओढाच्या हायेत काय आपल्याले?"

"तंबूचे असतील," बाई म्हणाल्या.

"तंबू कुठाय? हॉटेलात राह्यचं हाय ना?"

"रविवारी विचारू निशूले."

रविवारी कसलं विचारताहेत! चालण्याचा विषय निघाला की बाई तिकडच्या कांद्याचा भाव विचारायच्या. शेवटी पंजाबरावांनीच बागेतून दोन बांबू आणून दारात टेकवले. फळांनी वाकलेल्या फांद्यांना देतात ना, त्या टेक्याचे बांबू. "हे घ्या पोल. विमानात मावले तं मावले."

आमची तालीम सकाळी शाळेच्या आधी. संत्र्यांच्या तोड्याला बाया यायच्या आत दोन ओळी जायचं, दोन ओळी यायचं. मला बाईंचा भार कळायचा. पहिल्या ओळीत हलका, चौथ्या ओळीत असा की माझं टोक मातीत रुतायचं. चाळीस टाक्या मला समोर दिसायच्या. वाटायचं, ह्या बाईला घेऊन मी उतरणार कशी?

एक दिवस केसरबाई लवकर आली. साठीची बाई, तोड्यात तिच्याएवढा चपळ हात कोणाचा नाही आणि जीभही नाही.

"काय ओ बाई, काय टोचून राह्यल्या मातीत?"

बाईंनी मला पदराआड घेतलं. साडेतीन फुटांची मी, पदरात काय मावते! "साप," बाई म्हणाल्या. "साप दिसला होता. हाकलून राह्यली."

"अगं माय! केवढा?"

बाईंनी हात पसरून दाखवला. तिथंच चुकलं. दुपारपर्यंत तो ठिबकच्या नळीएवढा झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याला बायकोही मिळाली. तिसऱ्या दिवशी तोड्याला एकही बाई फिरकली नाही.

पंजाबराव वैतागले. "फळ गळून राह्यलं आन् बाया उंबरठा ओलांडत नाहीत. तोडा झाल्याशिवाय मी काही नॉर्वेले येत नाही, सांगून ठेवतो."

बाईंनी घटाघटा पाणी प्यायलं. गुडघा लपवायला साप आणला आणि आता सापच नॉर्वे गिळायला निघाला.

पंजाबरावांनी सर्पमित्र बोलावला, धम्मरत्न. बाईंचाच जुना विद्यार्थी. हातात आकड्याची लांब काठी. (तिला बघून मला जरा आपलं खुजेपण जाणवलं, जाऊ द्या.) त्यानं सकाळपासून ओळ न् ओळ पालथी घातली. बाई एका हातात चहाचा थर्मास आणि दुसऱ्यात मला घडी घालून लपवलेली पिशवी घेऊन उभ्या, चेहरा चुन्यासारखा.

बाराच्या सुमाराला तो एका ओळीत उकिडवा बसला. "काका, इकडे या. हे भोकं पाहा. बिळं नाहीत हे. एका लायनीत हायेत, दर पावलाले एक."

"साप असा चालते काय?"

"साप नाही चालत. हे काठीचे हायेत. बाजूले चपलेचे ठसे पाहा. उजवा नीट उमटला, डावा घासत गेला. ज्याची काठी हाय, त्याचा डावा पाय..."

बोलता बोलता त्याची नजर बाईंच्या चपलांवर गेली आणि तो उठून आपला आकडा पुसू लागला. शेवटी मॅडम होत्या त्या.

बाईंनीच विचारलं, "धम्मा, नकाशा वाचाले तुले कोणी शिकवलं रे?"

"तुम्हीच, मॅडम. नववीत."

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या आणि बांधावर बसून मला पिशवीतून बाहेर काढलं.

धम्मरत्न चहा न घेताच गेला. पंजाबराव मला हातात घेऊन उलटंसुलटं पाहत राहिले. "मले तरी सांगाचं होतं."

"तुम्ही काय म्हटलं असतं? राहू दे मंग, नाही जात."

त्यांनी माझा पट्टा स्वतःच्या मनगटात अडकवून पाहिला. मग म्हणाले, "हो. तेच म्हटलं असतं." आणि थोड्या वेळानं, "झाडाले टेका लावतो तं झाड लाजते काय, मॅडम?"

"झाडाले पोरगी नसते नॉर्वेत," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी रविवारची वाट पाहिली नाही. निशूला फोन लावला, चित्रवाला, आणि मला कॅमेऱ्यासमोर उभं धरलं. "निशू, हे पाह्य. मी काठी घेतली."

"अरे वा! पोल मिळाले?" निशू ओरडली. "यादीत लिहिलेच होते ना मी. इथं सगळेच घेतात, विशीतली पोरं पण. दुसरा कुठाय?"

पंजाबरावांनी दारातल्या बांबूंकडं पाहिलं आणि असे हसले की खोकला लागला. मी तर गारच पडले. म्हणजे पोल मी होते! यादीत माझं नाव होतं!

आणि माझ्या लक्षात आलं, बाईंनी इथंच थांबायला हरकत नव्हती. सगळेच घेतात, मीही घेतली. संपलं. हरीण हरीणच राहिलं असतं. मी मनात म्हणत होते, थांबा बाई, थांबा. आणि लगेच तिसऱ्या दिवसाचा उतार आठवायचा आणि म्हणायचे, नका थांबू.

"निशू, ऐक," बाई म्हणाल्या. "तुम्ही घेता थे वेगळं. मले लागते. डावा गुडघा गेला माहा."

पलीकडचं हसू विझलं. "कधीपासून?"

"गणपतीपासून."

"आणि दहा किलोमीटर?"

"बागेतल्या चार ओळी."

मग त्या पोरीची इतक्या वर्षांची शहरी भाषा गळून पडली. "काऊन नाही सांगतलं वं मले?"

"तू सगळ्याईले सांगून बसली, आई हरणासारखी चालते. हरीण लंगडते हे कोणत्या तोंडानं सांगू?"

निशूनं डोळे पुसले. "तिसरा दिवस काढून टाकते मी."

"काढू नको. खालून दिसते काय हिमनदी?"

"तलावापासून दिसते. तिथंवर वाट सोपी आहे."

"तं मी तलावापाशी बसीन. फळ्यावरही माहा हात वरपर्यंत कुठं पुरते?"

"आधी डॉक्टरचा कागद पाठव. मग पाहू," निशू म्हणाली. पोरगी आईवरच गेलीय.

कागद यायचा आहे. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलंय. बाया तोड्यावर परत आल्या आणि केसरबाई रोज विचारते, "बाई, साप तिकडे घेऊन चालल्या काय?" आम्ही दोघी बहिणी आता उघड्यावर, दाराशी उभ्या असतो. गावातलं कोणीही येतं, हात लावून बघतं. बाईंना आता दोन्ही हातांत दोघी लागतात आणि पाच ओळी होतात.

सगळ्यांचं सांगून झालं. आता माझं. बाईंना हसत होते ना मी, म्हणून लाज वाटते. पण माझा मधला सांधा ढिला आहे. पहिल्या दिवसापासून. पूर्ण भार आला की अर्धं बोट खाली सरकते. बागेतल्या सपाट मातीत चालून गेलं. दगडाच्या उतारावर नाही चालायचं. मी बोलले नाही, कारण वाटलं, बोलले की परत पाठवतील.

कोणी सोनाळ्याकडं जात असाल तर एवढं सांगा. शिलाई मशीनच्या खणात पेचकस आहे. माझ्या मधल्या सांध्याच्या स्क्रूला दीड फेरा पुरे. आणि बाईंना म्हणा, आवळल्यावर आधी अंगणात भार टाकून बघा, मगच मला पिशवीत भरा.